मी घेतलेला आळ

मित्रांनो, अम्मान शहरातल्या अश्रफिया टेकडीवर एका चार मजली इमारतीच्या गच्चीत मी राहतो. पाण्याच्या टाकीला चिकटवलेली प्लास्टिकची एक डबी हे माझे घर. मी एक छोटा वायरलेस बोर्ड आहे, आगपेटीपेक्षाही लहान आणि आता बराच जुना. स्वस्थ बसणे मला जमत नाही. दर दहा मिनिटांनी मी दचकून जागा होतो, टाकीत पाणी किती आहे ते पाहतो, खालच्या घरातल्या वायरलेसला हाक मारतो आणि पुन्हा झोपतो. झोपतो असे आपले म्हणायचे. डोळा लागतो न लागतो तोच पुढची वेळ होते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. यंत्राने माझ्या पाठीवर चिप बसवली, मला भट्टीतून सरकवले आणि नीट निवलो नाही तोच पिशवीत बंद केले. तिथून मी अम्मानमध्ये उस्ताद ओहान यांच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात आलो. जुन्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात छतापर्यंत खण होते. गिऱ्हाईक आले की मी मनात म्हणायचो, आज मला नेतील. कित्येक महिने कोणी नेले नाही.

एके दिवशी सुहाद आली. ती कृत्रिम दात बनवणाऱ्या एका कार्यशाळेत कामाला होती. दिवसभर बारीक काम करूनही हातांची हौस फिटत नसे म्हणून घरी तारा, दिवे आणि सोल्डरिंगची, म्हणजे डाग देण्याची, कांडी घेऊन बसायची. ओहान यांनी तिच्यासमोर दोन बोर्ड ठेवले. एक मी आणि दुसरा माझ्या दुप्पट मोठा, बाहेरून अँटेना लावता येणारा.

"कुठे बसवणार?" त्यांनी विचारले.

"गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर. आमच्याकडे आठवड्यातून एकदाच पाणी येतं, मंगळवारी, आणि हल्ली रविवारीच टाकीचा तळ दिसतो. पाणी कधी आणि किती खाली जातंय ते मला कळायला हवं."

"वीज कशावर?"

"बॅटरीवर."

"आणि घर खालच्या मजल्यावर. मध्ये काँक्रीटचा स्लॅब. मग हा मोठा घे, पोरी. याची हाक लांब जाते."

"पण उस्ताद, हा छोटा माझ्या डबीत बरोबर बसतो. आणि स्वस्तही आहे."

"डबीत बसतो म्हणून कोणी बोर्ड घेतं का? बरं, घेतेसच तर याच्यासोबतचा कागद वाच. वायरलेस चालू झालं की हा एकदम खूप वीज ओढतो. त्याच वेळी मोजायला लावलंस तर काहीबाही आकडे देईल."

"वाचते," ती म्हणाली आणि मला घेऊन गेली. कागद तिच्या पिशवीच्या तळाशी गेला तो तिथेच राहिला.

मला त्याचे काय वाटणार? माझी निवड झाली होती! पाण्याचा दाब सांगणारा एक सेन्सर तिने टाकीच्या तळाशी सोडला आणि त्याची तार माझ्या पायाला जोडली. घरी टेबलावर मी अगदी अचूक आकडे दिले होते. तिची आई, उम्म सुहाद, मला पाहून म्हणाली, "एवढासा जीव. याला काय कळणार पाण्याचं?" सुहाद हसून म्हणाली, "कळेल, आई. टाकी अर्ध्याखाली गेली की हा माझ्या फोनवर निरोप पाठवेल. तू नुसती बघ."

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला अबू नाईफ यांचा कबुतरांचा खुराडा होता. ते आमच्याच जिन्यात, सुहादच्या दारापासून सहा पायऱ्या खाली राहत. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, बोलायला कमी. रोज दुपारच्या नमाजानंतर ते वर येत, मांजरे येऊ नयेत म्हणून जिन्याचे लोखंडी दार लावून घेत आणि चौदा कबुतरे आकाशात सोडत. एरवी ते दार दिवसभर उघडेच असे.

मित्रांनो, त्या दाराशी माझा काय संबंध, हे तेव्हा मलाही माहीत नव्हते. खालच्या घरातून वायरलेस त्याच दारावाटे वर यायचे. दार लागले की मला ते ऐकू येईना. मग मी पुन्हापुन्हा हाक मारायचो, ओरडायचो, सगळी वीज त्यात घालायचो. बॅटरी दमायची, आणि त्याच क्षणी पाणी मोजायचो तेव्हा आकडा खाली यायचा. मला वाटायचे, पाणी खरेच कमी झाले. कशीबशी वाट मिळाली की मी तातडीने निरोप पाठवायचो : टाकी अर्ध्याखाली गेली.

निरोप यायचा तेव्हा सुहाद कामावर असायची. ती घरी पोहोचेपर्यंत आईचे धुणेभांडे होऊन पाणी खरोखर उतरलेले असायचे. असे पाच निरोप झाले. पाचही एकाच वेळचे, अबू नाईफ गच्चीवर असतानाचे.

एका शुक्रवारी तिने शेजाऱ्यांना गच्चीवर बोलावले आणि सगळ्यांसमोर फोन पुढे केला. "काका, मला बोलायला बरं वाटत नाही. पण तुम्ही वर आलात की आमचं पाणी कमी होतं. ही वेळ बघा. ही बघा."

अबू नाईफ यांनी फोनकडे पाहिले नाही. "मी तुमच्या टाकीला हात लावलेला नाही," ते म्हणाले.

"मग हे काय खोटं आहे?"

तळमजल्यावरचे अबू सुफियान हसत म्हणाले, "अहो, कबुतरं उडवणारे खोटारडेच. त्यांची साक्ष काझीसुद्धा घेत नाही."

दोघे-तिघे हसले. सुहाद हसली नाही, पण तिने त्यांना थांबवलेही नाही. मी डबीत होतो. साक्षीदार मीच होतो, आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता. ते आठवले की आजही मला डबी नकोशी होते.

दुसऱ्या दिवशी अबू नाईफ यांनी कबुतरे दोन टोपल्यांत भरली आणि झरका शहरातल्या भाच्याकडे पाठवून दिली. त्यानंतर ते वर आले नाहीत. दार उघडेच राहिले. माझे दुपारचे निरोपही थांबले. इमारतीत सगळ्यांची खात्रीच पटली.

तरीही पुढच्या रविवारी टाकीचा तळ दिसला. मी निरोप पाठवला, आणि तो खरा होता. पण सुहाद आईला म्हणाली, "तू जास्त वापरलंस." मला चैन पडेना. काहीतरी चुकते आहे हे जाणवायचे, पण माझ्याजवळ आकड्यांशिवाय बोलण्याचे साधन नव्हते.

मग वसंतात धुळीचा वारा सुटला. सुट्टीचा बुधवार होता, पाणी आदल्याच दिवशी आलेले. वाऱ्याने लोखंडी दार धाडकन लागले. मी ओरडलो, दमलो, आणि निरोप पाठवला. सुहाद घरीच होती. ती धावत वर आली. गच्चीवर कोणी नव्हते. तिने टाकीचे झाकण उचलले. पाणी काठोकाठ होते.

येताना ढकलून उघडलेल्या दाराकडे तिने वळून पाहिले. मग तिने दार स्वतः लावले आणि फोन हातात धरून टाकीशी टेकून बसली. निरोप आला. दार उघडले, दोनदा वाट पाहिली, निरोप आला नाही. पुन्हा लावले. पुन्हा आला. तिसऱ्यांदाही तेच.

आई धापा टाकत वर आली. "काय झालं गं? कोण होतं?"

"कोणी नाही, आई. कधीच कोणी नव्हतं."

त्या दिवशी तिने पिशवीच्या तळातला कागद शोधून वाचला. मला दोष दिला नाही, फेकले नाही. तिने माझ्या विजेच्या वाटेवर थोडी वीज साठवणारा एक कपॅसिटर बसवला आणि मला नवे वळण लावले : आधी पाणी मोजायचे, मग वायरलेस जागे करायचे. खरी गळती आठवडाभरात सापडली. त्यांच्याच न्हाणीघरातल्या फ्लशचे रबर झिजले होते आणि पाणी आवाज न करता वाहून जात होते.

मग तिने शेजाऱ्यांना पुन्हा गच्चीवर बोलावले. अबू नाईफ सर्वांत शेवटी आले, दाराशीच थांबले.

"काका, मी इथे सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून इथेच सांगते," सुहाद म्हणाली. "तुम्ही पाणी घेतलं नव्हतंत. बोर्ड मी निवडला, चुकीचा जोडला मी, आणि खात्री न करता तुमच्यावर आळ घेतला तोही मीच."

अबू सुफियान म्हणाले, "म्हणजे मशीन खोटं बोलतं होय?"

"मशीनला काय कळतं? मी विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं."

अबू नाईफ यांनी रिकाम्या खुराड्याकडे पाहिले. "मी सहा पायऱ्या खाली राहतो," ते म्हणाले. "दार वाजवून विचारलं असतंस तर मीच झाकण उघडून दाखवलं असतं. तू या डबीला विचारलंस."

उम्म सुहाद पुढे झाली. "भाऊ, चुकलो आम्ही. खाली चला, मरमियाची पानं घालून चहा करते."

"आज नको, वहिनी," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

भाच्याने कबुतरे परत दिली, पण नऊच. बाकीची विकून झाली होती. अबू नाईफ पुन्हा वर येऊ लागले. दार लावू नका असे सुहादने सांगितले नव्हते, तरी ते दार अर्धवट उघडे ठेवून आडवी फळी लावत. तिच्याशी मात्र बोलत नसत.

एका मंगळवारी संध्याकाळी पाणी आले आणि टाकीतला तरंगता गोळा अडकला. टाकी भरून पाणी गच्चीवर सांडू लागले. मला कमी झालेले पाणी कळवायला शिकवले होते, ओसंडणारे नाही. मी जागा होत होतो, पाहत होतो आणि गप्प बसत होतो. अबू नाईफ कबुतरांना दाणे घालत होते. ते जिन्याच्या दाराशी गेले.

"सुहाद," त्यांनी हाक मारली. "पाणी वाहून चाललंय. तू येतेस, की मी बंद करू?"

खालून तिचा आवाज आला. "तुम्हीच करा, काका. हात घाला खुशाल."

त्यांनी बाही वर सारली, आमच्या टाकीचे झाकण उचलले, आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून गोळा सोडवला.

मित्रांनो, आम्हाला विकत घेताना आमचा आकार पाहू नका. आम्हाला कुठे राहायचे आहे, किती भिंतींपलीकडे हाक मारायची आहे आणि किती विजेवर जगायचे आहे, ते आधी पाहा. सोबतचा कागद वाचा. आम्ही तुमच्यासाठी अहोरात्र तळमळत जागे होऊ. पण आम्ही दिलेला आकडा एखाद्या माणसाकडे बोट दाखवू लागला, तर तो आकडा खिशात ठेवा आणि त्या माणसाकडे जा.