क्रुसाची वाट, सी टॉवरमार्गे

अँसेल्मदादा तुस्कानोच्या घरी गोरगरिबांची क्रांती दर रविवारी संध्याकाळी यायची, फिल्टर कॉफी प्यायची, केळ्याचे वेफर्स खायची आणि जेवायच्या वेळेला आपल्या घरी जायची.

कन्नड मुलखात, महादेवपुऱ्यातल्या त्या उंच सोसायटीत वसई, मुंबई, नगरकडून नोकरीसाठी आलेली काही मराठी कॅथलिक कुटुंबं होती. त्यांचा हा गट, नाव 'मुक्तिवाट'. अँसेल्मदादा गटाचा प्राण. कंपनीत वरच्या हुद्द्यावर, पण अंगात खादीचा कुर्ता. लॅटिन अमेरिकेतल्या बंडखोर धर्मगुरूंची पुस्तकं त्यानं कपाटात अशी लावली होती की सोफ्यावर बसणाऱ्याला नावं वाचता यावीत. "देव गरिबांचा पक्ष घेतो," हे तो अशा थाटात सांगायचा, जणू पक्ष घेण्याआधी देवानं याचं मत विचारलं होतं. आणि हो, सोसायटीचा सेक्रेटरीही तोच.

त्या रविवारी प्रणिता डाबरे जोएलला कडेवर घेऊन गेली ती वेफर्ससाठी नव्हे. जोएलला सांभाळणारी अरुळमेरी गुरुवारपासून गेटबाहेर होती. झालं होतं एवढंच, की सर्व्हिस लिफ्टमध्ये कुणाचं तरी कपाट अडकलं, जोएल बाबागाडीत झोपलेला, म्हणून ती रहिवाशांच्या लिफ्टनं वर आली. कुणीतरी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सेक्रेटरीनं गेटच्या ॲपमध्ये बटण दाबलं, आणि अरुळमेरीचं नाव लाल झालं, म्हणजे प्रवेश बंद. या सोसायटीत ती चार घरची कामं करायची. चारही घरं एका बोटानं गेली.

प्रणिताची रजा संपत आली होती. जोएलला घेऊन कामाला बसावं तर तो लॅपटॉपवर भात सांडायचा. पण खरं सांगायचं तर रजेपेक्षा तिला दुसरंच टोचत होतं. सकाळ झाली की पोरगं दाराशी जाऊन बसायचं, बेल वाजली की "मेई, मेई" करत उठायचं, आणि दारात दूधवाला दिसला की ओठ काढायचं. तो ओठ पाहून प्रणिताला कंपनी, सोसायटी आणि सेक्रेटरी तिघांनाही एकाच पातेल्यात घालून शिजवावंसं वाटायचं.

"दादा, अरुळमेरीचं काय करायचं?" कॉफी येताच तिनं विषय काढला.

"प्रणिता," दादानं डोळे मिटून घेतले, "एका व्यक्तीवर अडकू नकोस. हा रचनेचा प्रश्न आहे. पाप माणसात नसतं, रचनेत असतं. एकीला आत घेतलं तर रचना तशीच राहते ना?"

"रचना राहू दे की तशीच. बाईला आत घ्या."

"म्हणजे रचना मोडेपर्यंत तिनं गेटवर बसायचं, असं का अँसेल्मराव?" वेफर्सची बशी पुढ्यात ओढत नंदू साळवे म्हणाला. हा श्रीरामपूरकडचा. गटात येतो तो भांडायला, असा त्याच्यावर आरोप होता, आणि तो त्यानं कधी नाकारला नव्हता.

"सेक्रेटरी म्हणून माझे हात बांधलेले आहेत, नंदू."

"येशूला क्रुसावर धाडताना पिलातानं निदान हात धुवायला पाणी तरी मागवलं होतं."

दादाची बायको शलाका घाईनं म्हणाली, "अय्या, क्रुसाच्या वाटेचं राहिलंच की बोलायचं!"

आणि सगळे सुटल्यासारखे तिकडे वळले. उपवासकाळात येशूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानं करतात, प्रत्येक स्थानाशी थांबून प्रार्थना होते. यंदा ती चर्चमध्ये नाही, सोसायटीतच करायची, असं दादाचं ठरलं होतं. पहिलं स्थान जिमपाशी, शेवटचं क्लबहाउसपाशी, आणि प्रत्येक स्थान एकेका शोषित घटकाला अर्पण. क्रूस दादा स्वतः वाहणार. शलाका फोनवरून सगळं थेट दाखवणार, म्हणजे वसईला सासूबाईंनाही बघता येईल.

"सहाव्या स्थानी वेरोनिका येशूचा चेहरा पुसते," शलाका म्हणाली. "तिथे खरीखुरी कामवाली उभी केली तर? काय प्रातिनिधिक दिसेल!"

"वा!" दादा ताठ बसला. "पण कुठली? ख्रिस्ती हवी."

"अरुळमेरी कॅथलिकच आहे," प्रणिता म्हणाली. "आपल्याच चर्चमध्ये पहाटेच्या तमिळ मिस्साला असते."

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहाटे गट झोपलेला असायचा.

"मग तर उत्तमच! बोलाव तिला."

"गेट उघडलं तर येईल."

दादानं क्षणभर विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. "पाहुणी म्हणून येऊ दे! एका संध्याकाळचा पास देतो. लाल नाव तेवढ्यापुरतं काढू."

"आणि पाहुणी म्हणून आली तर रहिवाशांची लिफ्ट चालते तिला?" नंदूनं विचारलं.

"अर्थात. पाहुण्यांचा अपमान कसा करणार?"

नंदूनं कपाळाला हात लावला. प्रणितानं मात्र मनाशी म्हटलं, एका संध्याकाळपुरतं का होईना, गेट उघडतंय. पुढचं पुढे.

शुक्रवारी संध्याकाळी पहिलं विघ्न लिफ्टशीच आलं. क्रूस दादाच्या घरी होता, सागवानी, चांगला पुरुषभर उंच. खाली आणायला निघाले तर मजल्यावरचा गार्ड अभिमन्यू आडवा. "सर, लाकडी सामान सर्व्हिस लिफ्टनं. सर्क्युलर आहे."

"अरे, हा क्रूस आहे!"

"सर, सर्क्युलरवर सही तुमचीच आहे."

शेवटी पांढरा झगा घातलेला, डोक्यावर बोगनवेलीच्या काट्यांचा मुकुट चढवलेला येशू सर्व्हिस लिफ्टनं उतरला. सोबत ओल्या कचऱ्याचे दोन डबे. त्याच वेळी अरुळमेरी, केसांत मोगरा माळून, पाहुण्यांच्या पाससह रहिवाशांच्या लिफ्टनं वर येत होती, प्रणिताच्या घरी जोएलला भेटायला. दार उघडताच जोएल तिच्या कमरेला असा चिकटला की त्याला सोडवून खाली न्यायचं कसं हा प्रश्न पडला. मग त्यालाच घेऊन गेल्या.

मिरवणूक निघाली. पहिलं स्थान ट्रेडमिलवाल्यांच्या साक्षीनं झालं. तिसऱ्या स्थानी दादा ठरल्याप्रमाणे पडला, गुडघ्याखाली योगा मॅट होती. पाचव्याला घाम खरा सुटला, कारण सागवान सागवानच असतं. सहाव्या स्थानाशी, सी टॉवरच्या पोर्चमध्ये, अरुळमेरीनं जोएलला प्रणिताकडे दिलं, पांढरा रुमाल घेतला आणि पुढे झाली.

शलाकानं फोन जवळ नेला. दादानं डोळे मिटून चेहरा पुढे केला.

चेहरा तसाच राहिला.

"सर," अरुळमेरी हलकेच म्हणाली, "नाळे बरला?"

दादानं एक डोळा उघडला. "काय म्हणतेय?"

"उद्या येऊ का, असं विचारतेय," प्रणिता म्हणाली. हे तिनं पढवलेलं नव्हतं. आदल्या दिवशी फोनवर अरुळमेरीनं एवढंच विचारलं होतं, की त्या सरांना मी कुठे भेटले तर ते पळू शकणार नाहीत?

"आमेले, आमेले," दादा कुजबुजला. नंतर बघू, हे तेवढं त्याला कन्नडमध्ये बरोबर यायचं.

अरुळमेरीनं मान डोलावली आणि रुमालाची घडी घातली. घाई तिला नव्हती. गायक मंडळींनी कडवं संपवलं, कुणीच हलेना म्हणून पुन्हा सुरू केलं. दादाच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. क्रूस खांद्यावरून घसरू लागला.

"प्रणिता, समजाव ना तिला!"

"काय समजावू दादा? रचनेचं तिला कन्नडमध्ये कसं सांगायचं, मला येत नाही." दादा चिडला तर बाईचं जाईलच, वर आपल्यालाही गटात कुणी उभं करणार नाही, हे तिला कळत होतं. पण कडेवरचा जोएल अरुळमेरीकडे हात करून "मेई" म्हणत होता. "फोन तुमच्या खिशात आहे. तेवढं बटण दाबा."

"आत्ता? लाइव्ह चालू आहे!"

"म्हणूनच," नंदू मागून म्हणाला. "टाका क्रूस माझ्या खांद्यावर. शिमोन कुरेनेकराचं काम नाहीतरी कुणाला दिलं नव्हतंत."

वसईत पाहणाऱ्यांना काय दिसलं देव जाणे. येशूनं क्रूस दुसऱ्याकडे दिला, झगा वर केला, कुर्त्याच्या खिशातून फोन काढला आणि चष्मा नसल्यामुळे तो नाकाशी नेऊन काहीतरी दाबलं. कायमची परवानगी. अरुळमेरीनं तरीही रुमाल उलगडला नाही. तिनं मिरवणुकीमागे आलेल्या अभिमन्यूकडे पाहिलं. त्यानं वॉकीटॉकीवरून गेटला विचारलं, ऐकलं, आणि अंगठा वर केला.

मग तिनं पुसलं. हळुवार बिळुवार नाही, शेंबड्या पोराचं तोंड पुसतात तसं, कानांच्या मागेसुद्धा.

पुढची स्थानं भराभर उरकली. प्रणिताला वाटलं, दादा आता आठवडाभर बोलणार नाही. पण तोवर शलाकाच्या फोनवर बदामांचा पाऊस पडला होता. सासूबाईंनी लिहिलं होतं, 'धन्य माझं लेकरू, भर वाटेत गरिबाचं गाऱ्हाणं ऐकलं.' दादानं ते वाचलं. दोनदा वाचलं. आणि क्लबहाउसपाशी, चौदाव्या स्थानानंतर, तो घसा साफ करून बोलायला उभा राहिला.

"आज सहाव्या स्थानी आपण थांबलो. मुद्दाम थांबलो. ते मी ठरवूनच केलं होतं. प्रार्थना अडवून न्याय केल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा संदेश मला द्यायचा होता."

"देवा, आता वीज पाड," नंदू पुटपुटला.

प्रणिता पुढे निघाली. सगळ्यांसमोर सांगणार होती, लाल बटण कुणी दाबलं होतं आणि हिरवं कुणी दाबायला लावलं. तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड घट्ट धरला.

"बिडी अक्का," अरुळमेरी म्हणाली. सोडा हो. "केलसा सिक्तल्ला?" काम मिळालं ना?

तिला दादाचं भाषण कळलं नव्हतं, असं मानायला जागा नव्हती. असले सूर पहाटेच्या मिस्सालाही ऐकू येतात, तमिळमध्ये.

टाळ्या सुरू झाल्या. प्रणिताचे हात वर होईनात. अरुळमेरीनं पेंगुळलेल्या जोएलला तिच्याकडून घेतलं, त्याचे दोन्ही तळवे आपल्या मुठींत धरले आणि एकमेकांवर आपटले, फट्, फट्. पोरगं जागं होऊन खिदळायला लागलं. मग तिनं त्याला खांद्यावर टाकलं आणि स्वतः वाजवल्या, इतक्या जोरात की दादानं कृतज्ञतेनं तिच्याकडे पाहून हात जोडले.