वेलिच्काने किल्ली खिशात टाकली

मित्रांनो, मी एक जुनी फोर्कलिफ्ट आहे. प्लोव्हदिव्ह शहराजवळच्या एका कारखान्यात भाजलेल्या लाल मिरच्यांच्या बरण्या मी उचलते. एके काळी मी पिवळीधमक होते; आता निम्मा पिवळा रंग, निम्मा गंज. स्वभाव मात्र पहिल्यापासूनच धास्तीचा. माणसांच्या डोक्यांवर ओझे तोलून धरणाऱ्याला स्वस्थता कुठली?

माझी चालक होती वेलिच्का. मला सुरू करण्याआधी ती रोज माझ्याभोवती फिरे. चाके चाचपी, वाकून तेल गळते का पाही, ब्रेक दाबी, भोंगा वाजवी. मग माझे ओझे उचलणारे काटे जमिनीला टेकवून, ते वर ओढणाऱ्या आणि आता सैल पडलेल्या साखळीवरून हात फिरवी.

मुकादम स्तामेन तिचा धाकटा दीर. तो चिडवायचा, "वहिनी, मशीन तपासताय की सून पसंत करताय?"

"सून रुसली तर जेवण चुकतं, भावोजी. ही रुसली तर माणूस चिरडतं."

एका सप्टेंबरात मिरची उदंड आली. फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली. त्याच दिवसांत माझ्या साखळीत बारीक कुरकुर सुरू झाली. ओझे वर गेले की आत काहीतरी ताणले जाई. खाली पेन्का गुणगुणत बरण्यांना लेबले लावत बसलेली असे. तिच्या डोक्यावरून ओझे पुढे नेताना माझा जीव टांगणीला लागे, पण सांगणार कसे?

एका सकाळी वेलिच्काचा हात साखळीवर थांबला.

"साखळीच्या एका पट्टीला चीर गेलीय. आज ही चालणार नाही."

"एकच पट्टी ना?" स्तामेन म्हणाला. "संध्याकाळी लाझार मिस्त्रीला बोलावतो."

"आत्ता बोलवा."

"वहिनी, बाहेर माल सडतोय. मालक मला उभा सोलेल."

वेलिच्काने किल्ली काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. "मग आधी मला कामावरून काढा आणि घ्या किल्ली."

स्तामेन लालबुंद झाला. पाय आपटत निघून गेला.

मग सगळ्यांनी हातांनी क्रेट वाहिले. "तुझ्या त्या चिरेपायी आमच्या कमरा गेल्या, बाई," पेन्कासुद्धा करवादली. वेलिच्का ओझी उचलत राहिली. मी कोपऱ्यात तळमळत होते. चीर वरवरचीच निघाली तर? तिची नोकरी जाईल, आणि पुढे कोणी मला हात लावून पाहणार नाही.

दुपारी लाझार मिस्त्री आला. त्याने साखळी उतरवून बाकावर ठेवली आणि जरा पिळली. तिचे त्याच्या हातातच दोन तुकडे झाले. बाहेरून एकच पट्टी चिरलेली दिसत होती. आतल्या बहुतेक आधीच तुटल्या होत्या.

पेन्काने आपले स्टूल उचलले आणि पार भिंतीपाशी नेऊन ठेवले.

"नवी साखळी कधी मिळेल?" स्तामेनने विचारले.

"उद्या."

"मग मशीन उद्याच चालू करू," तो म्हणाला आणि बाह्या सरसावून क्रेट उचलायला गेला.

आता वेलिच्का निवृत्त झाली आहे. नवा चालक येतो, लांबूनच माझ्याकडे नजर टाकतो आणि किल्ली फिरवतो. ओझे वर जाते आणि माझी घालमेल सुरू होते. मित्रांनो, तुमची सायकल असो, झोपाळा असो, नाहीतर माझ्यासारखे अवजड यंत्र असो, नुसते लांबून पाहू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण कोणी हात लावला तर आम्ही काही लपवत नाही.