थांबबाबा आणि गळ्यातली निळी वायर

“थांब!”

एवढंच म्हणाले बाबा. डोळे मिटलेले, उजवा हात छातीपुढे आणि स्वतः पीठ मळायच्या मिक्सरपासून चांगले दहा हात लांब. पोलादी दांडा अर्धा वेढा फिरला, गुरगुरला आणि गप्प झाला. पावाच्या कारखान्यातला अख्खा गाळा आ वासून उभा होता. भट्टीवाल्यांनी भट्टी वाऱ्यावर सोडलेली, पाव कापणाऱ्या बायका पिठाच्या हातांनीच धावत आलेल्या, काहीजण मैद्याच्या पोत्यांवर चढून माना उंचावत होते. “चल!” म्हणाले बाबा, आणि दांडा पुन्हा फिरायला लागला. गर्दीत कुणीतरी हुंदका दिला.

यात रडण्यासारखं काय, असं परक्याला वाटेल. यंत्रं चालतात, यंत्रं थांबतात. पण या कारखान्याची एक रीत होती. मिक्सरच्या पिंपाला चिकटलेलं पीठ खरवडायला रोज एक माणूस आत उतरे. उतरण्याआधी तो भिंतीवरच्या टच पॅनलची निळी वायर उपसून स्वतःच्या गळ्यात घाली. वरच्या ऑफिसातले हुकूम त्या वायरीतूनच खाली येत. वायर गळ्यात म्हणजे पॅनल बहिरं. शिवाय पॅनलसमोर जोडीदार उभा राही, कुणाचं बोट चुकून पडद्याला लागू नये म्हणून. खरं तर मेन स्विच पाडायला हवा. पण तो पाडला की सगळं नव्याने मांडावं लागतं, भिजवलेलं पीठ वाया जातं, आणि पीठ वाया गेलेलं मालकांना खपत नसे. म्हणून कामगारांनी आपली ही वायरीची रीत पाडून घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा आईवर असावा तसा भरवसा होता.

आज ती वायर, चमत्काराच्या खात्रीपुरती, रोज पिंपात उतरणाऱ्या धाकट्याच्या गळ्यात होती. पॅनलजवळ चिटपाखरू नव्हतं. वायर नाही, बोट नाही, तरी यंत्र ऐकत होतं. म्हणजे बाबा खरे! हिशेब झाला, हात जोडले गेले.

गर्दीच्या मागे धाकट्याची थोरली बहीण उभी होती. गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. इथले अर्धे कामगार तिच्या वर्गातून गेलेले, त्यामुळे सगळे तिला ‘बाई’ म्हणत. सकाळी भावजय रडत घरी आली होती. “ताई, हे आज वायर न काढताच आत उतरणार आहेत. बाबा यंत्र धरून ठेवणार म्हणे.” ते ऐकून बाई तडक इकडे निघून आल्या होत्या.

हा बाबा इथे आला कसा, तेही सांगितलं पाहिजे. मागे धाकट्याचा जोडीदार पिंपात असताना पहारा पळभर सुटला, पॅनलवर कुणाचा तरी कोपर टेकला आणि त्या जोडीदाराचा हात कायमचा गेला. त्यानंतर मेन स्विचला कुलूप लावल्याशिवाय कुणी उतरेना. कुलूप आणायला दुकान कोपऱ्यावर होतं. मालकांनी कुलूप आणलं नाही, बाबा आणला. पहिल्याच सुट्टीच्या दिवशी बाबांनी पॅनलची ‘शुद्धी’ केली. चारी बाजूंनी चादरी लावल्या. आत फक्त मालकांचा मेव्हणा, तोही पाने-पेचकसांची पेटी घेऊन. शुद्धीला पेचकस कशाला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. चादरी निघाल्या तेव्हा पॅनलच्या डोक्यावर बोटभर काळी काठी उभी होती, तिला रेशमी टोपी घातलेली. हा ‘बाबांचा दंड’. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बाबांच्या चेहऱ्याचं स्टिकर. त्या दिवसापासून माणसं कामावर येताना आधी दंडाला कपाळ टेकवत, मग हात धूत.

“भक्तहो,” बाबांनी डोळे उघडले, “लोखंडाला कान नसतात, पण लोखंडाला भाव कळतो. विजेच्या पोटात जी शक्ती आहे तीच माझ्या श्वासात आहे. चाळीस टक्के विज्ञान, साठ टक्के अध्यात्म! आजपासून वायर उपसायची गरज नाही. जोडीदाराची गरज नाही. ज्याच्या मनात शंका, त्याच्याच हाताला इजा.”

म्हणजे ज्याचा हात गेला त्याचीच चूक. बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. मालक मात्र समाधानाने मान डोलावत होते. खरवडणं झटपट उरकणार होतं, आणि माणूस मेलाच तर तो शंकेखोर होता म्हणायची सोय झाली होती.

बाईंनी गर्दीतून वाट काढून धाकट्याचं मनगट धरलं.

“ताई, इथे नको,” तो पुटपुटला. “घरी बोलू.”

“घरी बोलायला घरी यायला हवंस ना.”

“तुला काय जातंय बोलायला?” त्याने मनगट सोडवून घेतलं. “रोज उतरतो मी तिथे. जोडीदाराचं ओरडणं अजून कानात आहे. बाबांनी डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी दिवसांनी मला झोप लागली. तीही काढून घेणार आहेस?”

भाऊ मूर्ख नव्हता, घाबरलेला होता. त्याच्या भीतीवर औषध होतं, अगदी साधं, एका कुलपाचं, आणि ते लपवून या बाबाने त्याच्या हातात हे खेळणं दिलं होतं. आता त्यांचा राग जागेवर बसला.

“बाबा,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “मी जरा जड डोक्याची आहे. पुन्हा एकदा दाखवाल?”

“जरूर, माते.”

“फक्त सगळ्यांचे मोबाइल पावाच्या साच्यांत ठेवू. झाकणाच्या. वर्गात मी हेच करते, लक्ष विचलित होत नाही.”

बाबांचा हात हवेतच राहिला. “मोबाइलचा आणि साधनेचा काय संबंध?”

“काहीच नाही ना? मग ठेवायला काय हरकत?”

लोखंडी साचे आले. बाईंनी नुसती मान हलवली आणि बाप्ये झालेले त्यांचे विद्यार्थी निमूट खिसे रिकामे करू लागले. मालकांनीही कपाळाला आठ्या घालत आपला फोन दिला. राहिला मेव्हणा. तो बाबांच्या मागे शाल पांघरून बसला होता, ऐन उकाड्यात, भट्टीशेजारी.

“माझ्याकडे नाहीये फोन.”

“नाही? मग शालीत उजेड कसला पडलाय?” पाव कापणारी एक थोराड बाई म्हणाली, आणि तिने शालच ओढली. मेव्हण्याच्या मांडीवर फोन होता, आणि अंगठा अजून त्याच्यावरच होता. बाईंनी तो उचलून साच्यात टाकला, झाकण सरकवलं.

“आता म्हणा, बाबा.”

“थांब!” म्हणाले बाबा.

दांडा फिरत राहिला.

“थांब! अरे, थांब म्हणतो ना!”

दांड्याला आज्ञेचं काही पडलं नव्हतं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाबा घामाघूम झाले. “या स्त्रीची अश्रद्ध सावली पडलीय यंत्रावर!”

“तेवढंच ना? ही चालले मी.” बाई खरोखर दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांनी आत श्वास कोंडला, हात ताणले, घसा बसेपर्यंत ओरडले. शेवटी भट्टीवाल्यालाच कंटाळा आला. त्याने पुढे होऊन पडद्यावर बोट टेकवलं, आणि यंत्र थांबलं.

बाई आत आल्या. आधी त्यांनी स्टिकर नखाने खरवडून काढलं. खाली पंख्यासारख्या तीन कमानी चमकत होत्या.

“हे चिन्ह कुठे पाहिलंय?”

“मोबाइलवर,” चारपाच आवाज आले. “वायफाय.”

मग त्यांनी दंडाची रेशमी टोपी उपटली. “आणि हा अँटेना. रोज सकाळी तुम्ही याला कपाळ टेकवता. आमच्या शाळेतल्या टच फळ्यालाही आहे असाच, फक्त त्याला टोपडं घालायची बुद्धी आम्हाला झाली नाही.” हशा पिकला, पण बाई हसल्या नाहीत. “पॅनलच्या पाठीत रिकामी खाच असते. त्यात बिस्किटाएवढं कार्ड बसतं. दोन स्क्रू पिळायचे, वर अँटेना लावायचा, पॅनल बंद करून चालू करायचं, सेटिंगमध्ये जाऊन बिनवायरीचं जाळं निवडायचं. झाली शुद्धी! मग पॅनलचा हा पडदा जसाच्या तसा फोनवर दिसतो. इथे बोट लावलं काय, तिथे लावलं काय, सारखंच.” त्यांनी साच्यातून मेव्हण्याचा फोन काढून उंच धरला. त्यात तोच पडदा, तीच हिरवी आणि लाल बटणं.

“असेल ना मग,” मालक पुढे आले. “सोय म्हणून बसवलंय कार्ड. त्यात गुन्हा काय?”

“कार्डात काहीच गुन्हा नाही. सांगून बसवलं असतंत तर मीच कौतुक केलं असतं. न सांगता बसवलंत, त्याचा अर्थ काय होतो तो आता बघा.” त्या भावाकडे वळल्या. “धाकट्या, एक पोतं टाकाऊ पिठाने भर आणि तू जिथे बसतोस तिथे ठेव. तुझा ॲप्रन घाल त्याला. आणि गळ्यातली वायर काढून त्याच्या गळ्यात घाल.”

धाकट्याने मुकाट्याने पोतं भरलं. पिंपाच्या तळाशी ते कलून बसलं तेव्हा पाठमोरं अगदी त्याच्यासारखं दिसत होतं. भावजय दारापाशी येऊन उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला. सगळ्यांना मागे सारून बाई फोन घेऊन बाहेर गेल्या, अंगण ओलांडून पार फाटकापर्यंत, आणि तिथून त्यांनी हिरवं बटण दाबलं.

दांडा फिरला. पोतं आधी उचललं गेलं, मग पिंपाच्या कडेला चेपलं, मग फाटलं. ॲप्रन दांड्याला गुंडाळत गेला आणि निळी वायर त्याच्याबरोबर. बाईंनी लाल बटण दाबेपर्यंत गाळ्यात फक्त पीठ आपटल्याचा आवाज होता.

त्या परत आल्या तेव्हा धाकटा भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक.

“वायर गळ्यात होती,” तो म्हणाला. “रोज असते. शुद्धी झाल्यापासून मी रोज उतरतोय. रोज.”

“हो. आणि रोज या मेव्हण्याच्या खिशात हा फोन होता. तो बसला, वळला, कुणाचा फोन आला म्हणून त्याने खिशात हात घातला, तर बास होतं.” बाई बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “लोखंडाला भाव कळतो म्हणालात ना? मग तुम्ही उतरा. फोन माझ्या हातात राहील. शंका नाही ना मनात?”

बाबांनी पिंपाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. “माझी ध्यानाची वेळ झाली.”

“मालक, तुम्ही उतरता?”

“वेडबिड लागलंय का तुम्हाला!” मालक दोन पावलं मागे सरले.

तेवढं पुरलं. जे सगळ्या स्पष्टीकरणाने झालं नव्हतं ते त्या दोन पावलांनी झालं. ज्या पिंपात मालक उतरत नाहीत, बाबा उतरत नाहीत, तिथे उतरण्यासाठी इतके दिवस आपल्याकडून श्रद्धा मागितली जात होती, हे शेवटच्या पोत्यावर बसलेल्यालाही कळलं. बाबा दाराकडे सटकले तेव्हा बायकांनी वाट दिली, पण दिली ती अशी, की त्यांना प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत जावं लागलं.

धाकटा चालत गेला आणि त्याने मेन स्विच खटकन खाली ओढला. पॅनल काळं झालं. मेव्हण्याच्याच पेटीतला पेचकस घेऊन बाईंनी पाठीचं झाकण उघडलं, स्क्रू सैल केले आणि कार्ड काढून भट्टीवाल्याच्या तळहातावर ठेवलं. ते हातोहात फिरलं. एकाने हुंगूनसुद्धा पाहिलं.

“हा लहानसा हिरवा तुकडा,” बाई म्हणाल्या, आता शांतपणे, “याच्यात ना देव आहे ना भूत. आपल्याला कळत नाही म्हणून तो चमत्कार होत नाही. कळत नसेल तर विचारा. चादर कशाला लावली ते विचारा. टोपीखाली काय आहे ते विचारा. आणि जो म्हणेल की विचारणं हेच पाप, त्याच्या भरवशावर बोट तर सोडाच, नखसुद्धा ठेवू नका. तुमच्या वायरीलाही विचारायला हवं होतं, इतकी वर्षं. तिच्यावरही नुसता विश्वासच होता.”

हे शेवटचं लागलं. काहींनी माना खाली घातल्या.

“ताई,” धाकटा म्हणाला, “या स्विचला कुलूप बसेल?”

“बसेल. भोकच आहे त्याला कुलपासाठी. किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात.”

भट्टीवाला कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघालासुद्धा.

“अरे, पण स्विच चालू करा आधी!” मालक ओरडले. “सगळं पीठ फुकट जाईल!”

“जाऊ दे की,” धाकटा म्हणाला. तो स्विचसमोरून हलला नाही. “पीठ उद्या पुन्हा मळता येतं.”