टोकन नंबर चारचा रविवार

आमच्या घरात फोटो बघायचा असेल तर आधी रजिस्टरवर सही करावी लागते. बघून झाला की परत केल्याची दुसरी सही. फोटो मुळात कुठे गेलेलाच नसतो, हे मी बाबांना एकदा सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, "स्टोअरमधून काहीच कुठं जात नसते रे. रजिस्टर असते म्हणून जात नसते."

माझे बाबा, श्रीपाद, जबलपुरातल्या रांझीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झाले. त्यानंतरचे सहा महिने ते पहाटे पाचला उठायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि सोफ्यावर बसून फॅक्टरीच्या भोंग्याची वाट बघायचे. भोंगा झाला की उठून उभे राहायचे. मग जायचं कुठे ते न सुचून परत बसायचे. हे मला बघवेना, म्हणून मी माझा जुना डेस्कटॉप मागच्या खोलीत मांडला आणि म्हटलं, घरातल्या सगळ्या फायली यात ठेवू, ज्याला हवं तो मोबाइलवरून, टीव्हीवरून उघडेल, तुम्ही तेवढं लक्ष ठेवा.

मला वाटलं, महिनाभर रमतील. त्याला तीन वर्षं झाली. बाबा रोज सकाळी आठला ओट्यावरचा डबा उचलतात, अकरा पावलं चालून मागच्या खोलीत ड्यूटीवर जातात आणि साडेबाराला तोच डबा तिथे उघडतात. घरात प्रत्येकाला टोकन नंबर आहे. बाबा एक, आई दोन, मी, आल्हाद, तीन आणि हॉलमधला टीव्ही चार. पासवर्ड दर एक तारखेला बदलतो. पेनड्राइव्हच्या खाचा लाख ओतून सीलबंद आहेत. पाहुण्यांना वायफाय हवं असेल तर गेटपास लागतो. गेल्या दिवाळीत मावशीला 'येण्याचा उद्देश' या रकान्यात 'सख्खी बहीण' असं लिहावं लागलं.

शर्ट इस्त्रीचा असतो, पण आता तो घालून जायला जागा आहे. त्यामुळे आम्ही सह्या करत होतो.

तर टीव्हीनं तीन रविवारांपासून संप पुकारला होता. माझी आई, हेमलता, हॉलमध्ये मोठ्या माणसांना मराठी शिकवते. शैलेंद्र काकांच्या घराण्याला जबलपुरात येऊन पाच पिढ्या झाल्या. त्यांना मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडतं. आता मुलीचं लग्न अमरावतीला ठरलं होतं आणि व्याह्यांसमोर लाज जायला नको होती. रश्मी दीदी मूळच्या हिंदी घरातल्या. सासूबाई फोनवर त्यांच्याबद्दल काय बोलतात ते त्यांना समजून घ्यायचं होतं. आईनं या दोघांसाठी चित्रं काढून, स्वतःच्या आवाजात संवाद भरून धडे तयार केले होते आणि ते सगळे मागच्या खोलीत, बाबांच्या ताब्यात होते.

वर्ग आधी शनिवारी असायचा. शैलेंद्र काकांना जमेना म्हणून रविवारी चार वाजता केला. आणि रविवारी चार वाजता टीव्ही म्हणायचा, 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' सोमवारी बाबा तपासायचे, तर सगळं व्यवस्थित. रजिस्टरमध्ये शेरा पडायचा : 'दोष आढळला नाही.'

तिसऱ्या रविवारी आईनं सकाळीच सांगून टाकलं. "अहो, आज वर्गात टीव्ही चालला नाही तर माझे धडे आल्हाद त्या क्लाउडवर टाकणार, आणि ते मशीन भंगारात, कबाड्याला. मी कबाड्याला साडेचारला बोलावून ठेवलंय."

बाबा मागच्या खोलीत गेले आणि कीबोर्ड पुसत बसले. पुसलेला कीबोर्ड त्यांनी आणखी दोनदा पुसला.

चारला विद्यार्थी आले. टीव्हीनं आपलं ठरलेलं वाक्य दाखवलं. शैलेंद्र काकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "ये तो मुझे याद हो गया, भाभीजी. तीन हफ्ते से यही पाठ चल रहा है."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. पण घरात चष्मा नसलेला मी एकटाच, त्यामुळे संगणकतज्ज्ञ मीच.

मी वायफायचा डबा बंद करून चालू केला. टीव्ही बंद करून चालू केला. रश्मी दीदींनी न सांगता पंखा बंद करून चालू केला. मग मी टीव्हीतला जुना पासवर्ड पुसला आणि बाबांना नवा विचारला. त्यांनी मला बाजूला नेऊन, कपाट उघडून, रजिस्टरवर हात आडवा धरून तो दाखवला. मी रिमोटनं एकेक अक्षर शोधत टाकला. चुकीचा.

"बाबा, तुमच्याकडून चालू आहे का?"

"माझ्याकडून एकदम फर्स्ट क्लास चालू आहे."

म्हणजे मशीन जागं होतं, तारा ठीक होत्या, धडे जागेवर होते. फक्त टीव्हीलाच आत घेत नव्हते. मी मागच्या खोलीत गेलो. मागोमाग आई आली आणि तिच्यामागून अख्खा वर्ग.

"तुम्ही बाहेर या," मी बाबांना म्हटलं. "तुमच्या टोकनमधून बाहेर, असं म्हणतोय. इथंच बसून टोकन चारनं आत जाऊन बघू. टीव्ही धड कारण सांगत नाही, हे मशीन कदाचित सांगेल."

बाबांनी लॉग आउट केलं. स्वतःच्या जागेवर बसून ते पहिल्यांदाच चार नंबरचं टोकन टाकत होते. पासवर्ड टाकला, बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. इंग्रजीत होत्या, पण अर्थ सरळ होता : तुमच्या खात्याला वेळेचं बंधन आहे. आत्ता प्रवेश मिळणार नाही. नंतर प्रयत्न करा.

आईनं वाकून त्या दोन्ही ओळी वाचल्या.

"वेळेचं बंधन कोणी घातलं?" आईनं विचारलं. चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईला हा प्रश्न विचारायची खरं तर गरज नव्हती.

बाबा पडद्याकडेच बघत होते. "सोमवार ते शनिवार, आठ ते पाच," ते हळूच म्हणाले. "जनरल शिफ्ट. टोकन काढले तेव्हाच टाकली होती सगळ्यांना."

"आणि तीन आठवडे आम्ही मरमर करून राहिलो, तर सांगितलं काहून नाही?"

"तू सेटिंग विचारून राहिली होती ना. ती काय सेटिंग आहे? रविवार आहे तो."

तीन वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण रोज पाचला रजिस्टर मिटायचं आणि रविवारी मागच्या खोलीकडे कुणी फिरकतच नसे. सहा दिवस सह्या केल्यावर माणसाला एक दिवस सुटी हवीच असते. आणि बाबांना स्वतःला कधी अडलं नाही, कारण एक नंबरचं टोकन अधिकाऱ्याचं. अधिकाऱ्याला शिफ्ट नसते.

"मी काढून टाकतो," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम आहे. सगळ्यांना चोवीस तास."

बाबांनी मान हलवली. मग खुर्चीतून उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "काढ. सगळंच काढ. पासवर्ड पण काढ. चूक स्टोअरवाल्याची आहे, मशीनची नाही. मशीननं तर हुकूम पाळला." आणि ते पूर्वी सोफ्यावर बसायचे तसे खाटेच्या कडेवर बसले.

मी माउस हातात घेतला. नेमकी त्याच वेळी गल्लीतून आरोळी आली, "कबाड़ी... लोहा, टीन, पुराना कंप्यूटर!"

शेवटचा शब्द तो एरवी ओरडत नाही. आईनं पक्कं सांगून ठेवलं होतं.

बाबा उभे राहिले. भोंगा ऐकून उभे राहायचे तसेच, हात शिवणीला लावून. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "हात काढ तिथून."

"आई, दोन मिनिटं..."

"हात काढ म्हटलं ना. अहो, रविवारी कामावर यायचं असेल तर फॅक्टरीत काय करायचे?"

बाबा गोंधळले. "ओव्हरटाइम. अर्ज द्यावा लागत असे. एक दिवस आधी."

"तातडीचं असलं तर?"

"तातडीचं असलं तर... त्याच दिवशी चालत असे. पण लेखी."

आई विद्यार्थ्यांकडे वळली. "वह्या काढा. आजचा धडा, अर्ज. प्रति, स्टोअर-प्रमुख, मागची खोली. विषय, रविवारी टीव्हीस प्रवेश मिळणेबाबत." मग ती फाटकाशी गेली आणि कबाड्याला जळलेला मिक्सर देऊन आली. तो कंप्यूटरचं विचारत होता. तिनं त्याला सांगितलं, मशीन ड्यूटीवर आहे.

दहा मिनिटं घरात फक्त पेनांचा आवाज होता. बाबा मागच्या खोलीत टेबलाशी बसले होते, चष्मा लावून, समोर रजिस्टर उघडं. आधी रश्मी दीदींचा अर्ज आला. त्यांनी कारण लिहिलं होतं, 'सासूबाई फार भराभर बोलतात.' बाबांनी तो दोनदा वाचून फायलीत लावला.

शैलेंद्र काकांनी अर्ज दिला नाही, वाचून दाखवला. उभं राहून, कागद दोन्ही हातांनी धरून. "महोदय. माझी मुलगी लांब जाऊन राहिली आहे. तिथं मी गप्प बसलो, तर लोक म्हणतील, बापाला काही वाटत नाही. मला वाटते. ते मराठीत सांगायचं आहे. म्हणून टीव्हीला आत घ्यावे."

शेवटपर्यंत एकही हिंदी शब्द नव्हता. ते त्यांच्याच लक्षात आलं आणि ते घाईनं म्हणाले, "ठीक है ना, भाभीजी?"

आईनं तो कागद बाबांपुढे सरकवला. बाबांनी खिशातून पेन काढलं, अर्जावर तिरकं लिहिलं, 'मंजूर', खाली सही, तारीख. मग त्यांनी स्वतः मशीनमध्ये चार नंबरच्या रविवारचा रकाना उघडून वेळ भरली. मला हात लावू दिला नाही.

हॉलमध्ये टीव्हीनं एकदा गोल फिरवलं आणि आईनं काढलेली भाजीवाली पडद्यावर आली. आईच्याच आवाजात ती म्हणाली, "घ्या ताई, मेथी ताजी आहे."

"कितीला दिली?" शैलेंद्र काका आणि रश्मी दीदी एकदम ओरडले. तीन आठवड्यांची मेथी साचली होती.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. भाजीवाली कोथिंबिरीवर आली, घासाघीस रंगात आली, शैलेंद्र काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मराठीत एक रुपया सोडवला, आणि पडदा काळा झाला. 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे.'

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बरोबर पाच वाजले होते.

"मंजुरी पाचपर्यंतचीच आहे," ते म्हणाले. थोडे ओशाळले होते, पण पाठ ताठ होती. "तुम्ही अर्जात वेळ लिहिलीच नव्हती. मग मी नियमाप्रमाणे..."

मी आईकडे बघितलं. कबाडी अजून गल्लीतच होता, शेजारच्या फाटकाशी त्याचा आवाज येत होता.

आईनं खडू उचलला आणि फळ्याकडे वळली.

"लिहा," ती म्हणाली. "विषय, मुदतवाढ."