सात मिनिटांचं मौन

चष्मेवाल्याची बायको कायमची बहिणीकडे निघाली होती. त्याने एक शब्द काढला असता तर ती थांबली असती, पण हा बाबा मूग गिळून बसलेला. कारण विचाराल, तर सिनेमा!

सिनेमा जुना, काळापांढरा, आणि असा संथ की थिएटरातून तीन दिवसांत उतरला होता. त्यात एक बाई बॅग घेऊन दारात उभी राहते आणि नवऱ्याला विचारते, "थांबू की जाऊ?" नवरा खिडकीपाशी पाठमोरा उभा. तो चांगली सात मिनिटं हलत नाही. पडदासुद्धा हलत नाही. मग एकदम तीच बाई अंगणात कपडे वाळत घालताना दिसते. म्हणजे न बोलता बाई थांबली! चष्मेवाल्याने हे लग्नाआधी व्हिडिओ कॅसेटवर पाहिलं आणि त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की खरं प्रेम असंच असतं.

लग्न झाल्यापासून बायकोने काही महत्त्वाचं विचारलं की स्वारी खिडकीपाशी जाऊन उभी. एकदा नळ दुरुस्त करणाऱ्याने विचारलं, "मेन कॉक बंद करू का?" हा खिडकीपाशी गेला. घरात घोट्याएवढं पाणी झालं, ते बायकोने उपसलं.

असे वेडे एकटे नसतात, त्यांना जोडीदार भेटतोच. ह्याचा जोडीदार दातांचा डॉक्टर. कॅसेट घासून घासून पांढरी पडली होती, म्हणून दोघं वर्षानुवर्षं त्या सिनेमाच्या डिस्कची वाट पाहत होते. दरवर्षी कुठूनतरी बातमी यायची, यंदा नक्की. डॉक्टरने कपाटात डिस्कसाठी जागा मोकळी ठेवली होती आणि तिथे कुणाला किल्लीसुद्धा ठेवू देत नसे.

आठवड्यापूर्वी बायको म्हणाली होती, "ताई तिच्या दुकानात भागीदार म्हणून बोलावतेय. कायमचं. काय करू, थांबू की जाऊ?" अगदी तेच शब्द! चष्मेवाल्याच्या अंगावर काटा आला. तो मोठ्या आनंदाने खिडकीपाशी गेला. बायकोने बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहिलं, आणि माळ्यावरून बॅग काढली.

ती निघायच्या दिवशीच डॉक्टर धापा टाकत डिस्क घेऊन आला. आतल्या खोलीत बायको साड्या भरत होती, बाहेर दोघे टीव्हीसमोर मांडी ठोकून बसले. चित्र इतकं स्वच्छ, की बाईच्या बॅगेचं तुटकं बक्कल दिसत होतं. बाईने विचारलं, "थांबू की जाऊ?"

नवरा गर्रकन वळला. "थांब ना. कुठे चाललीस?" म्हणाला आणि त्याने बॅग हातातून काढून घेतली.

डॉक्टरने मागे घेऊन परत लावलं. परत तेच.

"मौन कापलं!" डॉक्टर ओरडला. "चोरांनी मौन कापलं!"

डिस्कवर सिनेमाचं संकलन करणाऱ्या, म्हणजे त्याचे तुकडे जोडणाऱ्या बाईंची मुलाखतही होती. म्हाताऱ्या बाई हसत हसत सांगत होत्या, "जुन्या कॅसेटी निघाल्या ना, तेव्हा कॅसेटी भरायचं मशीन अडकलं होतं. चालवणारा जेवायला गेलेला. तेच एक चित्र सात मिनिटं राहिलं, आणि त्या बिचाऱ्याचं बोलणं त्यात गेलं."

"त्यांना काय कळतंय?" डॉक्टर म्हणाला. "त्यांनी नुसता जोडलाय, पाहिलाय आपण. मी कंपनीला अर्ज करतो. मौनाची वेगळी डिस्क काढा म्हणावं. तू सही कर."

पण चष्मेवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. म्हणजे तो माणूस बोलला होता. पहिल्यापासून बोलला होता! तो उठला, तर बायको दारात चपला घालत होती. बोलायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि दुकानात गिऱ्हाइकांना रोज विचारायचा तेच बाहेर पडलं.

"जवळचं वाचायला त्रास होतो का?"

"काय?" बायको म्हणाली.

"नाही, म्हणजे... थांब ना. कुठे चाललीस?" तो म्हणाला. "तू गेलीस की मला करमणार नाही. घरात तुझा आवाज असतो म्हणून मी गप्प बसू शकतो. चुकलं माझं. मला भीती वाटतेय गं."

बायकोने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हे सिनेमातलं, की तुमचं?"

"सुरुवातीचं सिनेमातलं. भीती माझी."

ती उंबऱ्यापाशी उभी राहिली. आतून डॉक्टर सहीसाठी हाका मारत होता.

"ताई तिकडे स्टँडवर येऊन थांबेल, तिला आता नाही कसं म्हणू?" ती म्हणाली. "हे आधी बोलला असतात तर?"

ह्यावेळी मात्र तो बोलत राहिला. बॅग उचलून बसस्टँडपर्यंत बोलत गेला, नळाबद्दल, तिच्या ताईबद्दल, काय वाट्टेल ते. दोनदा तिनेच त्याला जरा दम खायला सांगितलं. आठवडाभर ती घरात उठताबसता "मी जाते" म्हणत होती. बस हलली तेव्हा तिने खिडकीतून मान बाहेर काढली.

"येते," ती म्हणाली.