दुसरा ब्रेक

दादाला माझी किडनी हवी होती आणि मला त्याला ‘नाही’ म्हणायचं होतं. तोंडावर, वहिनीसमोर, सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात. फोनवरही म्हणता आलं असतं, पण फोनवर त्याचं तोंड दिसलं नसतं. म्हणून मी ‘बघू’ म्हणाले आणि एकेक तपासणी निमूटपणे करून घेतली. त्याच्या आशेला चांगलं खतपाणी घालत होते मी.

आई गेली तेव्हा त्याने मला कळवलं ते सगळं उरकल्यावर. “गडबडीत राहून गेलं,” म्हणाला. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, परदेशात नाही! त्याच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं, एवढाच माझा गुन्हा. आई गेली तेव्हापासून माझा त्याच्यावर दात होता.

संमतीपत्रावर सही करायच्या दिवशी मी ठेवणीतले कपडे घालून गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी मला एकटीला आत बोलावलं.

“तुमची किडनी आम्हाला घेता येणार नाही.”

“का? धडधाकट आहे मी.”

“आज आहात.” मी मोटार चालवायला शिकवते, हे त्यांना माहीत होतं. “शिकाऊ गाडीत तुमच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो ना? रक्तातही तसाच असतो. कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात, पहारेकरी समजा. जंतू दिसला की तुटून पडतात. त्यांना वेळेवर ‘पुरे’ म्हणणारं एक वेगळं प्रथिन असतं, फॅक्टर एच. तुमच्या भावाच्या अंगात ते जन्मापासून सदोष आहे. एखादा साधा ताप आला असेल, पहारेकरी उठले ते थांबलेच नाहीत. जंतू संपले, तेव्हा स्वतःच्याच किडनीवर धावून गेले.”

“मग माझं काय?”

“तुमच्यातही तोच दोष निघालाय. अजून काही बिघडलेलं नाही, बिघडेलच असंही नाही. पण एक किडनी काढायचा धोका आम्ही पत्करणार नाही. हे कारण भावाला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आम्ही फक्त ‘जमत नाही’ म्हणू.”

दुसरी एखादी घाबरली असती. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं जपलेला माझा नकार, आणि तो एका रक्ताच्या बाटलीने माझ्याआधी देऊन टाकला! आणि आमच्या घराण्यात ‘पुरे’ म्हणणारं कोणी नाही, हे सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी होती?

वॉर्डाकडे जाता जाता मला सुचलं. नकार हातचा गेला, पण उपकार अजून करता येत होता, तोही काहीच न देता. जन्मभर माझ्या उपकाराखाली दबलेला दादा! कल्पनेनेच गुदगुल्या झाल्या.

तो खाटेवर होता, चेहरा सुजलेला. वहिनी शेजारी टॉवेलच्या घड्या घालत होती.

“जमत नाही म्हणतात रे,” मी आवाज ओला केला. “मी तर सहीला तयार होते. दोन्ही मागितल्या असत्यास तरी दिल्या असत्या.”

वहिनीने डोळे पुसले. दादाचा चेहरा माझ्या अपेक्षेपेक्षाही जास्त पडला. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

त्याने डावा हात पुढे केला, डायलिसिससाठी शीर जोडून फुगवलेला. मी तो धरला. कातडीखाली रक्त घरघरत होतं, इंजिन चालू ठेवून उभ्या केलेल्या गाडीसारखं.

“मला वाटलं, तू तोंडावर नाही म्हणशील,” तो म्हणाला. “आई शेवटी तुझंच नाव घेत होती गं. बोलाव तिला, बोलाव तिला, एकच धोशा. मी आईला सांगितलं, फोन केला होता, ती यायला नाही म्हणाली.”

वहिनी घडीकडे बघत राहिली. तिला माहीत होतं.

म्हणजे माझा नकार कधीच वापरून झाला होता. आईने तो ऐकला, खरा मानला आणि गेली. आणि मी आत्ताच, याच खाटेशी, याला दोन्ही किडन्या देऊन बसले होते.

माझी बोटं आवळत गेली.

“ताई, त्या हातावर दाब नको!” नर्स दारातून ओरडली. “शीर बंद पडेल, त्याच्यावरच जगतायत ते!”

दादाने हात ओढून घेतला नाही. कातडीखालची घरघर मंद होत गेली, आणि माझा पाय फरशीवर ब्रेक शोधत राहिला.