डाव्या नडगीची चिठ्ठी

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा. मी एक जुना शिनपॅड आहे, फुटबॉल खेळताना नडगीला बांधतात तो, आणि माझा वास ही माझी आयुष्यभराची कमाई आहे. त्यातही मी डावा. उजवा माझा जुळा भाऊ. पण आमच्या मालकाला सगळ्या लाथा डाव्या पायावरच बसायच्या. त्यामुळे भाऊ शेवटपर्यंत नव्यासारखा राहिला आणि मी ओरखड्यांनी भरून गेलो. एका साच्यातून निघालो, पण नशीब वेगळं.

मला विकत घेतलं ते ताईनं. ताई म्हणजे माझ्या मालकाची थोरली बहीण. ती औषधांच्या दुकानात काम करायची. धाकटा भाऊ व्यावसायिक संघात बचावपटू म्हणून निवडला गेला, तेव्हा तिनं आम्हा दोघांना त्याच्या हातात ठेवलं आणि पाय सांभाळ म्हणून बजावलं. भाऊ उंच आणि किडकिडीत, म्हणून सगळे त्याला खांब म्हणायचे. नाव त्याला अजिबात शोभत नव्हतं. खांब एका जागी उभा राहतो. आमच्या खांबाला चेंडू दिसला की धीर धरवत नसे. तो लांबूनच स्वतःला जमिनीवर झोकून द्यायचा आणि घसरत जायचा. चेंडू सापडला तर वाहवा. नाही तर समोरचा आडवा, पंचांचा हात खिशात आणि खांब मैदानाबाहेर. पहिल्याच मोसमात त्यानं तीन लाल कार्डं मिळवली. एकदा तर स्वतःच्याच गोलरक्षकाला पाडलं. त्यासाठी कार्ड मिळत नाही, पण बोलणी भरपूर मिळाली.

ताईला हे बघवेना. ती समोरच्या संघांचे सामने टीव्हीवर बघायला लागली. दुकानात औषधाच्या पाकिटाला जोडायच्या पिवळ्या चिठ्ठ्या असत. त्यांतल्याच एका चिठ्ठीवर ती आघाडीच्या खेळाडूच्या खोडी लिहायची. कुठल्या पायानं मारतो, कुठे वळतो, कधी दमतो. सामन्याच्या सकाळी ती चिठ्ठी दुमडून माझ्या पोटातल्या फोमच्या फटीत सरकवायची. कपडे बदलायच्या खोलीत खांब ती दोनदा वाचायचा आणि परत ठेवायचा. ताईचा शब्द त्याला ब्रह्मवाक्य. मैदानात पाय ठेवला की तो सगळं विसरायचा, ही गोष्ट वेगळी.

मोसमाचा शेवटचा सामना आला. कोच कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी खांबाला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की आज एकदा जरी घसरलास तर पुढच्या वर्षी आमच्याकडे येऊ नकोस. समोरच्या संघात बाण नावानं ओळखला जाणारा खेळाडू होता. त्याच्या वेगापुढे भलेभले गारद व्हायचे. खांबाचं धाबं दणाणलं.

खोलीत बसून त्यानं चिठ्ठी काढली. मला ती सकाळीच वाचून घाम फुटला होता. पोटाशी चिठ्ठ्या बाळगून मला वाचता येऊ लागलं होतं, फक्त बोलता येत नव्हतं. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'रिकाम्या पोटी नको. उठताना घाई करू नये. चक्कर आल्यास आधार धरून उभे राहावे.'

सकाळी दुकानात गर्दी होती. ताईनं एका वेळी दोन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. एक भावासाठी आणि एक रक्तदाबाची नवी गोळी न्यायला आलेल्या निवृत्त मास्तरांसाठी. त्यांची अदलाबदल झाली होती.

खांबाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं डोकं खाजवलं. ताईनं लिहिलंय म्हणजे त्यात काहीतरी खोल अर्थ असणार, असं ठरवून त्यानं मुकाट्यानं एक केळं खाल्लं आणि तो मैदानात गेला.

बाण पहिल्यांदा चालून आला, तेव्हा खांबाचे पाय शिवशिवले. मला वाटलं, आता झालं. पण त्याच्या कानात चिठ्ठी वाजत असावी. तो थांबला. बाण डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. समोर कोणी घसरेना, तेव्हा तोच गोंधळला आणि त्यानं चेंडू बाहेर मारला. कोचच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. असं चार वेळा झालं, आणि आमच्या संघानं मधेच एक गोलही उरकून घेतला.

शेवटच्या मिनिटाला बाण एकटाच सुटला. गोलरक्षक चुकीच्या बाजूला, गोलाशी फक्त खांब. भीतीनं त्याला खरोखरच गरगरलं. त्यानं एका हातानं गोलाचा खांब धरला आणि तो उभा राहिला. बाणानं सगळी ताकद लावून चेंडू मारला. तो थेट माझ्यावर आदळला आणि मी वरपासून खालपर्यंत तडकलो. चेंडू मैदानाबाहेर गेला. दुखलं, मित्रांनो, खूप दुखलं. पण असा आनंद मला पुन्हा झाला नाही.

सामना संपल्यावर ताई धापा टाकत आली. तिच्या हातात दुसरी चिठ्ठी होती. दुपारी मास्तर ती घेऊन दुकानात परत आले होते. त्यावर लिहिलं होतं, 'तो डावीकडे झुकायचं सोंग करतो. दमला की गाठ.' मास्तरांनी गोळीला हात लावला नव्हता. त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, "पोरी, ही गोळी साधारण किती वाजता दमते?"

हे सांगताना ताईला हसू येत होतं, आणि बोलता बोलता ती रडायला लागली. माझ्या हातून तुझं वाटोळं झालं असतं, असं ती म्हणत राहिली. खांबानं मला नडगीवरून सोडलं, आतली चिठ्ठी काढली आणि तिच्यासमोर धरली.

"ताई, आजार माझा होता," तो म्हणाला, "आणि तू दर वेळी चिठ्ठी समोरच्याची लिहायचीस."

पुढच्या वर्षी संघानं त्याला ठेवून घेतलं. नवे, हलके पॅड आले. मला त्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ताईनं मला उचललं, साबणानं धुतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उन्हात वाळवलं. आता मी दुकानातल्या पिवळ्या चिठ्ठ्या पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसतो.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला ओल्या मोज्यांबरोबर पिशवीत कोंडू नका. आम्ही तुमच्या वाटणीच्या लाथा खातो, निदान वारा तरी लागू द्या.

खांब अजून सामन्याच्या सकाळी दुकानात येतो. ताई मला बाजूला सरकवते, वरची चिठ्ठी घेते, दुमडते आणि त्याच्या नव्या पॅडमध्ये घालते. चिठ्ठी कोरी असते. खोलीत बसून तो ती दोनदा वाचतो म्हणे.